माझी खालची कड

मित्रांनो, मी एक जुनी नोट आहे खरी, पण मला घेऊन दुकानात जाऊ नका. साधी लिमलेटची गोळी मिळायची नाही, वर दुकानदार दात काढून हसेल. मी आयर्लंडची. तिथल्या एका लहानशा गावात एक खासगी बँक होती, तिची मी नोट. त्या काळी तिकडे ज्या त्या बँकेची आपापली नोट निघायची. बँकवाले एखादा छापखाना गाठायचे आणि नोटा छापून घ्यायचे. माझी बँक बुडून जमाना झाला. आता माझी किंमत किती, असं कुणी विचारलं की मी मान खाली घालते.

तुम्ही म्हणाल, बाई आयर्लंडची, मग मराठी कशी बोलते? अहो, माझी कितीतरी वर्षं ओमानमध्ये, बरक्याला, खुदेजा नावाच्या एका कोकणी बाईच्या कपाटात गेली. कपाटाचं दार लावलं तरी आवाज आत येतोच. तिची भांडणं, तिचे फोन, मुलीवर ओरडणं, सगळं मी ऐकलं आणि तिचीच भाषा माझ्या तोंडी बसली. इंग्रजी तर मला जन्मापासून येतं. दोन्ही भाषा येत असून ऐन वेळी मला तोंड उघडता आलं नाही, ही माझी कर्मकहाणी.

माझा जन्म तांब्याच्या पाटीवरचा. एक कारागीर पाटीवर उलटी अक्षरं कोरायचा. दुसरा त्या रेघांत शाई भरून वरची शाई पुसून काढायचा. मग ओलसर कागद ठेवायचा आणि यंत्राचा दाब द्यायचा. मी निघाले तेव्हा मधोमध एक वीणेसारखं वाद्य होतं, भोवती वेलबुट्टी होती, आणि अगदी खालच्या कडेला बारीक बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं. जुनी नोट कुणी छापली हे शोधणारी माणसं सगळ्यात आधी तिथेच भिंग लावतात. तेवढं नाव मिळालं की निम्मं काम झालं म्हणतात.

तुम्ही विचाराल, मग काय होतं ते नाव? इथेच माझी पहिली लाज आहे. मला माहीत नाही. आपल्या हनुवटीखाली काय लिहिलंय ते आपल्याला दिसतं का? मला आठवतो तो फक्त एक शाईने बरबटलेला अंगठा. त्याने मला दोरीवर वाळत घातलं होतं. ज्यांनी मला घडवलं त्यांचं नाव मी अंगावर वागवत फिरले आणि एकदाही वाचलं नाही.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. मी गुरांच्या बाजारात फिरले, लग्नाच्या आहेरात गेले, एका म्हातारीच्या उशीखाली झोपले. मग एका सकाळी बँकेला कुलूप लागलं. मला मुठीत धरून एक बाई त्या दारावर धडका मारत होती, आणि माझ्यामागे एक छदामही नव्हता. तिने मला फेकून दिलं नाही, एवढंच. पत्र्याच्या ट्रंकेला आतून कागद लावतात ना, तसं मला डिंकाने चिकटवून टाकलं. त्या अंधारात मी पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिले. वाटलं, संपलं आपलं.

तिथून मला सोडवलं डेक्लन साहेबांनी. ट्रंक त्यांच्या आजीची. त्यांनी वाफ देऊन, चिमट्याने, जीव ओतून मला सोडवून काढलं. साहेब इंजिनिअर होते. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात त्यांना काम मिळालं, तेव्हा मलाही बरोबर घेऊन आले. बाहेर उन्हाने पत्रे तापलेले असायचे आणि हे आपले शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मला टेबलावर पसरून भिंग घेऊन बसायचे.

त्यांना ओढ एका गोष्टीची होती. त्यांच्या घराण्यात कुणीतरी एक पूर्वज पाट्या कोरणारा कारागीर होता. घरात एवढीच आठवण राहिली होती की त्याने या बँकेची नोट कोरली. तो कुठला, कुठल्या छापखान्यात होता, पुढे त्याचं काय झालं, कुणाला काही ठाऊक नव्हतं. माझ्या कडेवरचं नाव वाचता आलं की छापखाना सापडणार, आणि छापखान्यावरून तो माणूस. पण शाई विटलेली, कड मळलेली आणि चुरगळलेली. साहेबांच्या डोळ्यांना ते पेलेना. फोटो काढून पाहिले तर त्यात नुसता काळा डाग आला, म्हणून ते मुलीला न पाठवता पुसून टाकले.

ती मुलगी फिनोला. जुन्या छपाईची जाणकार. साहेब तिला फोनवर सांगायचे, "अक्षरं आहेत गं. मला दिसतायत, वाचता येत नाहीत. तू ये, तुला वाचता येतील."

साहेबांची गाडी चालवायचा हसन. हा कोकणातल्या बाणकोटचा. वरवर साहेब आणि ड्रायव्हर, पण दोघांची गट्टी अशी की साहेब त्याच्या डब्यातली भाकरी मागून खायचे. पुढे साहेबांना डोक्याचा आजार झाला. बोलता बोलता शब्द विसरायचे. एकदा हसनला भलत्याच नावाने हाक मारली आणि मग स्वतःच हसत सुटले. हसन मात्र तोंड फिरवून डोळे पुसत होता. उपचारासाठी त्यांना मायदेशी न्यायचं ठरलं. विमानतळावर हसनने सामान उतरवलं, तेव्हा साहेबांनी पाकीट काढलं. त्यात मी होते.

"हॉस्पिटलात वस्तू हरवतात, हसन. ही तुझ्याकडे राहू दे. मी परत येईन. नाही आलो तर फिनोला येईल. तिला दे. तोवर जप."

हसनने पाकीट छातीशी धरलं. "इन्शाल्ला, साहेब. अमानत हाय ही."

अमानत म्हणजे नुसती ठेव नव्हे, मित्रांनो. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू. ती आपल्या हातून बिघडली तर वर गेल्यावर जाब द्यावा लागतो, अशी त्या घराची श्रद्धा.

साहेब परत आले नाहीत. बातमी आली तेव्हा हसन दिवसभर जेवला नाही. त्याने सोहारची नोकरी सोडली आणि बरक्याला बायको-मुलीसह राहून छोटा बकाला चालवायला घेतला. बकाला म्हणजे आपलं किराणा दुकान. बायको खुदेजा, मुलगी हिबा. मी गेले खुदेजाच्या कपाटात, ठेवणीतल्या ओढण्यांच्या खाली.

खुदेजाचं काय सांगू! अशी जपणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दर आठवड्याला मला उघडून बघायची. मला हात लावण्याआधी हात धुवायची, पुसायची, आणि मग दोन बोटांत धरायची. पण बरकं समुद्राकाठचं. उन्हाळ्यात हवा दमट, भिंतीसुद्धा घाम गाळतात. माझ्यावर तपकिरी ठिपके पडले. खालच्या कडेला कसर लागली. एके दिवशी तिने मला उचललं आणि कडेचा भुगा तिच्या ओढणीवर पडला.

"या अल्लाह!" ती मटकन खालीच बसली. "अवो, ऐकलंत काय? साहेबांची नोट मरायला लागली!"

हसन दुकानात होता. त्याने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं का? कोण जाणे.

आता परदेशात राहणारी आपली माणसं एखादा कागद वाचवायचा तर काय करतात? लॅमिनेट करतात! शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्टची झेरॉक्स, दुवा लिहिलेला कागद, सगळ्यावर प्लास्टिक. एकदा प्लास्टिक चढलं की माणूस निवांत. खुदेजाच्या घरात तर दुधाच्या हिशेबाचा कागद सोडून सगळं चकाकत होतं. हिबाच्या गुणपत्रिका लॅमिनेट करायच्याच होत्या. त्यांच्याबरोबर तिने मलाही पिशवीत घातलं.

जमालचं टायपिंगचं दुकान मासळी बाजाराकडच्या रस्त्यावर. जमालने मला उलटीपालटी करून पाहिलं.

"भाभी, ये नीचे का किनारा पूरा फटेला है। ऐसा सील नहीं बैठेगा, हवा जाएगी।"

"तो काट दो ना भाई," खुदेजा म्हणाली. "सीधा काट दो। कीड़ा लगा है, ऊपर चढ़ेगा।"

तिचं काही चुकत होतं असं मला म्हणवत नाही. कापडाचा किडका काठ बाई कापतेच की. भाजीचा सडका भाग काढून टाकतेच की. पण मी आतून किंचाळत होते! अगं बाई, तिथे माझ्या जन्मदात्याचं नाव आहे! जमालने मला पात्याखाली सरकवलं, खटकन आवाज झाला, आणि एक बारीक पट्टी भिरभिरत कचऱ्याच्या डब्यात गेली. मग यंत्राच्या गरम रुळांतून मला काढलं. अंगाला प्लास्टिक असं चिकटलं की आता ते सोलायचं तर मीही सोलली जाईन.

"खलास, भाभी। अब सौ साल कुछ नहीं होगा।"

घरी माझं काय कौतुक झालं म्हणता! हसनने मला खिडकीशी धरलं आणि तो म्हणाला, "शाब्बास, खुदेजा! काय काम केलंस! आता पाण्यात टाकली तरी भिजायची नाय." आल्यागेल्याला मी दाखवली जाऊ लागले. शेजारचे बदरुद्दीन चाचा तर म्हणाले, "काच बसवल्यागत दिसते." सगळे मान डोलवायचे. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अंगाचा तुकडा गेलेला आणि वर चकाकत मिरवायचं, याच्याइतकी लाज नाही.

साहेब गेल्यावर फिनोलाला कितीतरी दिवस या गोष्टीचं नावही काढवत नव्हतं. शेवटी एकदा तिचा फोन आला. ती ओमानला येणार होती. हसन आनंदाने मोठमोठ्याने बोलत होता, आणि तिने खालच्या कडेवरच्या नावाचं काढलं तसा तो बोलता बोलता थबकला.

फोन ठेवून तो आत आला. मला काढलं, उजेडात धरलं, चष्मा चढवला.

"खुदेजा, हिची खालची कड कुठं हाय?"

"ती किडलेली होती. जमालभाईनं कापली. मीच सांगितलं."

"तिथं नाव होतं. छापणाऱ्याचं नाव. ती पोर त्या नावासाठी विमानानं येते."

खुदेजाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मग ती ओढणी डोक्यावर घेत, चपला शोधत, धडपडत निघाली. "जमालच्या डब्यात बघते."

"अगो, वर्ष उलटून गेलं! डबा तेव्हाचाच ऱ्हायला काय?"

ती तरी गेली. जमालने डबा उपडा करून दाखवला. त्यात काय असणार? ती हात हलवत परत आली. अमानत, एवढा एकच शब्द तिच्या तोंडातून अधूनमधून यायचा. रात्री हसन तिची समजूत घालत होता, "तू गप ऱ्हा. मी बघतो काय सांगायचं ते. तुझ्यावर कुणी बोट दाखवलेलं मला चालायचं नाय."

बघा, प्रेमाने कड कापली, आणि आता प्रेमानेच खोटं तयार होत होतं.

फिनोला आली त्या शुक्रवारी खुदेजाने सुरमई तळली होती, नारळाच्या दुधातला भात केला होता. ताटं झाकून ठेवली होती. फिनोला उंच, शांत मुलगी. डोळे थेट बापाचे. तिने भिंग, छोटा दिवा असं सगळं सतरंजीवर मांडलं. हसनने मला तिच्या हातात दिलं. प्लास्टिक पाहून तिच्या कपाळावर एक आठी आली. तिने माझ्या तळाशी भिंग नेलं. इकडून तिकडे. पुन्हा तिकडून इकडे. कापलेल्या सरळ रेघेपाशी भिंग थांबलं.

"इथे खाली आणखी कागद होता का?" तिने इंग्रजीत विचारलं.

हसन म्हणाला, "नो, मॅडम. साहेबांनी दिली तेव्हा अशीच होती. मी फक्त प्लास्टिक घातलं."

मी तिच्या तळहातावर होते, मित्रांनो. तो तळहात गार पडत गेलेला मला कळला. मग भिंग खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "म्हणजे बाबांना भास होत होते. शेवटी ते म्हणत राहिले, अक्षरं दिसतायत, अक्षरं दिसतायत. डॉक्टर म्हणाले होते की त्यांचं मन ठिकाणावर नाही. मी डॉक्टरांशी भांडले होते त्यावरून. मला वाटायचं, निदान हे तरी खरं असेल." आणि मग, काय कमाल, तिने हसनचीच माफी मागितली! "सॉरी, हसन. माझ्या बाबांनी तुम्हाला उगाच इतकी वर्षं ओझं दिलं."

हसनने खाली बघितलं. ज्याच्या डब्यातली भाकरी साहेबांनी खाल्ली, त्यानेच साहेबांना वेडं ठरवलं होतं. एका वाक्यात. मला त्याच्याकडे बघवेना.

खुदेजाला इंग्रजी येत नव्हतं. पण समोर रडणारं माणूस समजायला भाषा कशाला लागते? तिने हिबाला कोपर मारलं.

"काय बोलली ती? सांग मला."

हिबा इंडियन स्कूलची. मराठी बोलताना अडखळायची. "अम्मी, ती म्हणते... तिचे डॅडी ना, लास्टला कन्फ्यूज होते. म्हणजे, डोकं नीट नव्हतं. म्हणून लेटर्सचं खोटं बोलले. म्हणजे खोटं नाही, पण... त्यांना वाटलं की आहेत. पण नव्हते."

"असं कोण म्हणालं? नव्हते असं?"

हिबाने अब्बाकडे पाहिलं. खुदेजाला तेवढ्यात उत्तर मिळालं. ती उठून सरळ फिनोलाच्या समोर येऊन बसली.

"खुदेजा, ऐक..." हसन म्हणाला.

"तुम्ही गप ऱ्हा! मेलेल्या माणसाला वेडं ठरवून मला वाचवताय? नको मला असं वाचवणं." ती हिबाकडे वळली. "सांग तिला. कड मी कापली. मी सांगितलं म्हणून कापली. तिच्या बापाचं डोकं ठिकाणावर होतं, सांग. अक्षरं होती. काळी, बारीक, मुंग्यांची ओळ असावी तशी. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मला वाटलं, मळ हाय."

हिबाने सांगितलं. आईची चूक परक्यासमोर आपल्या तोंडाने सांगायची, तेही अब्बाला खोटं पाडून! त्या पोरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मला वाटलं, आता फिनोला चिडेल. चिडायला हवंच होतं. तिच्या घराण्याचा एकुलता धागा कचऱ्याच्या डब्यात गेला होता. पण तिने खुदेजाचा हात धरला आणि विचारलं, "अक्षरं होती? तुम्ही पाहिली? नक्की?"

"नक्की. अल्लाहची शपथ."

तेव्हा फिनोला जी रडली! ओक्साबोक्शी, लहान मुलीसारखी. "ही वॉज राइट," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. खुदेजाही रडत होती, "माफ कर गं बाय, माफ कर." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि त्या दोघीच तिथे एकमेकींशी बोलत होत्या.

हसनकडे फिनोलाने सगळ्यात शेवटी पाहिलं. आवाज चढवला नाही. "ते शेवटच्या आठवड्यातही तुमची चौकशी करत होते," ती म्हणाली. बस्स. एवढ्याने तो पुरता खचला. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. ती जायला निघाली तेव्हा जुन्या सवयीने तो गाडीचं दार उघडायला पुढे झाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. मग त्याने तिथूनच मान खाली घालून म्हटलं, "मॅडम, साहेबांची कबर कुठे आहे ते मला कळवाल? मला त्यांची माफी मागायची आहे." मग तिने होकाराची मान हलवली.

आता मी आयर्लंडमध्ये आहे, फिनोलाच्या कामाच्या खोलीत, जुन्या नोटांच्या रांगेत. ती माझी वेलबुट्टी दुसऱ्या छापखान्यांच्या नोटांशी ताडून बघते. कुठे वळण जुळतं, कुठे जुळत नाही. पण प्लास्टिकवर दिव्याची चकाकी येते आणि बारीक रेघा तिला नीट दिसत नाहीत. ती वैतागून मला खाली ठेवते. मी लाजते. माझ्या शेजारच्या नोटा जुनी, मळकी, किडकी अंगं घेऊन ऐटीत बसल्या आहेत, कारण त्यांच्या तळाशी आपापल्या छापखान्याचं नाव आहे.

माझ्याखाली तिने एक चिठ्ठी लावली आहे; लिहिताना ती मोठ्याने वाचत होती, म्हणून मला ठाऊक. त्यात लिहिलंय: मुद्रक अज्ञात. खालच्या कडेला नाव होतं. ते पाहणारे साक्षीदार दोन. माझे वडील डेक्लन, आणि बरक्याच्या खुदेजा.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनं काही असेल तर त्याला माया जरूर लावा. पण मायेने कात्री उचलण्याआधी एकदा विचारा, हे कुणाचं आहे आणि याच्यावर काय लिहिलं आहे. मळ वाटतो तो मळच असेल असं नाही. आणि चुकून हात चाललाच, तर खुदेजासारखं उठून समोर जाऊन बसा. ज्याने मला घडवलं त्याचं नाव माझ्या अंगावर राहिलं नाही. जिने ते कापलं तिचं नाव मात्र आता माझ्याबरोबर कायम राहणार आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.